फाइल बरोबर वाचली, पत्ता चुकीचा लिहिला: सीटॅग्जच्या ‘..’चं एक प्रकरण

कोड रिव्ह्यू चालू होता, स्क्रीन शेअर केलेली. आमच्यातल्या एकाने पायथनमध्ये एक टेस्ट टूल लिहिलं होतं. कॉम्प्युटरवरून सिरियल केबलने बोर्डला फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, पाठवायची आणि आलेलं उत्तर तपासायचं, एवढंच त्याचं काम. फ्रेम जास्तीत जास्त २५६ बाइटची, डेटा त्याहून मोठा असला तर तुकडे करायचे, असं त्यात होतं.

“अरे, हे २५६ कुठून आणलंस?”

“हेडरमधून. फ्रेम_मॅक्स.”

“फ्रेम_मॅक्स ५१२ आहे.”

“नाही गं, कालच बघितलंय मी. थांब, दाखवतो.”

त्याने व्हिम या एडिटरमध्ये फ्रेम_मॅक्सवर कर्सर ठेवला, टॅगवर उडी मारली, म्हणजे सीटॅग्जच्या सूचीवरून ते नाव जिथे ठरवलंय तिथे गेला. फ्रेम.एच उघडली, ओळ ४१, समोर २५६. तिने आपल्या मशीनवर ग्रेप मारला, म्हणजे फाइलींत तो शब्द शोधला. फ्रेम.एच, ओळ ४१, समोर ५१२. दोघांची ब्रँच एक, कमिट एक, फाइलचं नाव एक, ओळ एक. आकडे दोन.

पहिली दहा मिनिटं “पुल मार परत”, “स्टॅश राहिलंय का बघ” यातच गेली. मग तिने त्याला फाइलचा पूर्ण पाथ विचारला आणि दोघं वेगवेगळ्या फाइली बघत होते हे कळलं. बोर्डचा कोड कंपाइल होताना ५१२ वालीच फाइल घेत होता, म्हणजे फर्मवेअर ठीक होतं. पायथनच्या टूलला सीचं हेडर (आकडे आणि व्याख्या ठेवायची फाइल) इन्क्लूड करता येत नाही, म्हणून त्याने आकडा डोळ्यांनी वाचून हाताने टाइप केला होता, आणि एडिटरने त्याला जुनी फाइल दाखवली होती. २५६ च्या फ्रेमलाही बोर्ड नीट उत्तर देत होता, त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्या. २५७ ते ५१२ बाइटच्या फ्रेम मात्र एकदाही बोर्डवर गेल्या नव्हत्या.

टूलिंगचं खातं माझ्याकडे असल्यामुळे प्रकरण माझ्या टेबलावर आलं. ते इथे सविस्तर मांडतो. फोल्डरांची नावं बदलली आहेत, रचना तीच ठेवली आहे.

मांडणी

ज्यांनी सीटॅग्ज वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पुस्तकाच्या मागे जशी सूची असते, तशी हे टूल कोडची सूची बनवतं: कुठलं फंक्शन, कुठला मॅक्रो, कुठल्या फाइलमध्ये, कुठे. ही सूची ‘टॅग्ज’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, एका नोंदीला एक ओळ. आधी नाव, मग टॅब, मग फाइलचा पाथ, मग टॅब, मग त्या फाइलमध्ये जागा शोधायची खूण.

टूल जुनं आहे. मूळ सीटॅग्ज केन अर्नोल्ड यांनी लिहिलं आणि ते ३बीएसडी या युनिक्सबरोबर आलं. डॅरन हीबर्ट यांचं एक्झुबरंट सीटॅग्ज ही त्याची पुढे सगळीकडे पसरलेली आवृत्ती. तिची शेवटची ५.८ ही प्रत २००९ ची. त्यानंतर त्याच कोडवरून युनिव्हर्सल सीटॅग्ज निघालं आणि ते आजही चालू आहे. लँग्वेज सर्व्हरच्या (एडिटरला कोड समजावून देणाऱ्या नव्या प्रोग्रॅमांच्या) जमान्यात हे कोण वापरतं, असं विचाराल तर आम्ही वापरतो. एम्बेडेडच्या कोडबेसमध्ये अर्धा कोड कुठल्यातरी विचित्र कंपायलरसाठी लिहिलेला असतो आणि तो लँग्वेज सर्व्हरच्या पचनी पडत नाही. सीटॅग्जला कंपायलरशी देणंघेणं नसतं.

आता आमची फोल्डरं. प्रोजेक्टच्या मुळाशी ‘व्हेंडर’ फोल्डर, त्यात ‘ड्रायव्हर’ आणि ‘इन्क्लूड’ अशी दोन भावंडं. ड्रायव्हरमध्ये बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा सोर्स, इन्क्लूडमध्ये त्याची हेडरं. मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) लिहिणाऱ्याने हेडरांचा पाथ दिला होता तो असा: व्हेंडर/ड्रायव्हर/../इन्क्लूड. यातला ‘..’ म्हणजे एक पायरी वरचं फोल्डर. सरळ व्हेंडर/इन्क्लूड का नाही लिहिलं? ड्रायव्हरचा पाथ एका व्हेरिएबलमध्ये होता आणि त्याच्यापुढे ‘/../इन्क्लूड’ चिकटवलं होतं. अशा गोष्टी प्रत्येक मेकफाइलमध्ये असतात, त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही.

मग ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती आली. ती तीन प्रोजेक्टांत लागणार होती, म्हणून एका सामायिक जागी ठेवली: /सामायिक/ड्रायव्हर-२, आणि त्यात ‘सोर्स’ व ‘इन्क्लूड’. आमच्या प्रोजेक्टमधलं व्हेंडर/ड्रायव्हर हे खरं फोल्डर काढून त्या जागी एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी पाटी) टाकली, ती /सामायिक/ड्रायव्हर-२/सोर्सकडे जाणारी. मेकफाइलला हातही लावावा लागला नाही. व्हेंडर/ड्रायव्हर/../इन्क्लूड म्हणजे आता सिमलिंकमधून पलीकडे जायचं, तिथून एक पायरी वर, आणि तिथलं इन्क्लूड. नवी हेडरं आपोआप मिळाली. ज्याने हे केलं त्याने बिल्ड चालवलं, पास झालं, तो पुढच्या कामाला लागला. जुनं व्हेंडर/इन्क्लूड तसंच राहिलं. घर बदललं तरी जुन्या पत्त्याच्या रेशनकार्डावर नाव राहतं, तसं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, टॅग्जसकट. टॅग्जची फाइल प्रोजेक्टच्या मुळाशीच बनायची, आणि तिच्यात पाथ जसा दिला तसा, ‘..’सकट, लिहिला जायचा. बिघडलं ते मी एक सुधारणा केली तेव्हा.

माझी सुधारणा

मुळाशी पडलेली टॅग्ज फाइल कुणीतरी चुकून कमिट करायचं. म्हणून मी ती ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये हलवली. आणि फाइलींची यादी बनवताना मेकफाइलमध्ये दिलेली फोल्डरं ‘फाइंड’ने धुंडाळण्याऐवजी कंपायलरच्याच डिपेंडन्सी फाइली वापरायला लागलो. जीसीसी या कंपायलरला सांगितलं की तो प्रत्येक सोर्स फाइल कुठकुठल्या हेडरांवर अवलंबून आहे याची यादी लिहून देतो. जे खरोखर कंपाइल होतं तेवढंच सूचीत येतं. कल्पना चांगली होती, आजही चांगली वाटते. जीसीसी त्या यादीत पाथ आपल्याला मिळाला तसाच लिहितो, म्हणजे यादीत आलं व्हेंडर/ड्रायव्हर/../इन्क्लूड/फ्रेम.एच.

टॅग्ज फाइल मुळापासून हलवली की रिलेटिव्ह पाथचा जुना प्रश्न उभा राहतो: रिलेटिव्ह, पण कशाला? पुण्यात कुणी “मारुतीच्या देवळामागे” असा पत्ता दिला तर पुढचा प्रश्न “कुठला मारुती, जिलब्या, सोन्या की डुल्या?” हा असतो. टॅग्ज फाइलमध्ये नुसतं ‘व्हेंडर/काहीतरी.सी’ लिहिलं असेल तर ते कुठून मोजायचं? सीटॅग्ज चालवताना आपण जिथे उभे होतो तिथून, की टॅग्ज फाइल जिथे पडली आहे तिथून? गंमत अशी की लिहिणारा आणि वाचणारा यांची मुळातली समजूतच वेगळी आहे. सीटॅग्ज आपणहून पाथ चालू फोल्डरपासून लिहितं. व्हिम आपणहून तो टॅग्ज फाइलच्या फोल्डरपासून वाचतो. टॅग्ज फाइल चालू फोल्डरमध्येच असेल तोवर दोन्ही एकच, म्हणून बहुतेकांना हा फरक आयुष्यभर कळत नाही.

त्यावरचा उपायही टूलमध्येच आहे: टॅग-रिलेटिव्ह नावाचा पर्याय ‘यस’ केला की सीटॅग्ज पाथ टॅग्ज फाइलच्या फोल्डरपासून मोजून लिहितं. मी तो लावला. बिल्ड/टॅग्ज उघडून पाहिली, पाथ ‘../’ने सुरू होत होते, दोन-चार उड्या मारून पाहिल्या, बरोबर जागी गेल्या. संपलं म्हणून पुढे गेलो. त्या दोन-चार उड्यांत ड्रायव्हरचं एकही हेडर नव्हतं.

जे खरं नव्हतं

त्यानंतरच्या दिवसांत टीममध्ये तक्रारी येत होत्या, पण तक्रार म्हणून कुणी मांडल्या नव्हत्या. ड्रायव्हरच्या काही फंक्शनवर उडी मारली की व्हिम ई४२९ दाखवायचा, फाइल अस्तित्वात नाही. काहींवर ई४३४, पॅटर्न सापडत नाही. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: “टॅग शिळे झाले असतील, परत काढ.” परत काढून फरक पडला नाही की “त्या ड्रायव्हरचे टॅग चालतच नाहीत रे” म्हणून ग्रेपकडे वळायचं. एरर देणारी चूक अशी अंगवळणी पडते.

रिव्ह्यूच्या दिवशी मीही सुरुवात शिळ्या टॅगपासूनच केली. फाइल पुसली, नव्याने बनवली, तेच. मग व्हिमची टॅग-रिलेटिव्ह सेटिंग कुणाच्या कॉन्फिगमध्ये बंद आहे का ते पाहिलं, नव्हती. मग एक जुनी आठवण वर आली. एक्झुबरंट ५.८ मध्ये पाथमधला ‘..’ काढून टाकताना उरलेली अक्षरं पुढे सरकवायला एसटीआरकॉपी हे मजकुराची नक्कल करणारं सीचं फंक्शन वापरलं होतं, आणि ज्यातून उचलायचं व जिथे ठेवायचं ते मेमरीचे तुकडे एकमेकांवर चढलेले होते. सीच्या नियमाप्रमाणे तिथे काहीही होऊ शकतं. जुन्या सी लायब्ररीत ते चालून जायचं, कारण ती एकेक बाइट पुढून मागे नेत होती; नव्या प्रोसेसरसाठी वेगवान केलेल्या लायब्ररीत भरवसा राहिला नाही. उपाय म्हणजे एसटीआरकॉपीच्या जागी मेममूव्ह, जे तुकडे एकमेकांवर चढले तरी नीट हलवतं, आणि तसे पॅच नंतर फिरले. एक तास मी या मागे होतो. पण तसली चूक असती तर पाथमध्ये अक्षरं कापलेली किंवा दोनदा आलेली दिसली असती. आमच्या टॅग्ज फाइलमधला पाथ स्वच्छ होता, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही:

../व्हेंडर/इन्क्लूड/फ्रेम.एच

डोळ्यांना यात चूक दिसत नाही.

एसट्रेस

शेवटी सीटॅग्ज एसट्रेसखाली (प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, काय मागतो ते दाखवणारं टूल) चालवलं आणि त्याने कोणती फाइल उघडली ते पाहिलं. उघडली होती ती व्हेंडर/ड्रायव्हर/../इन्क्लूड/फ्रेम.एच, म्हणजे यादीतल्या पाथप्रमाणे, म्हणजे नवी, ५१२ वाली. टॅग्ज फाइलमध्ये लिहिली ती व्हेंडर/इन्क्लूड/फ्रेम.एच, जुनी. एकाच चालवण्यात त्याने एक फाइल वाचली आणि दुसरीचं नाव लिहिलं.

सोर्स उघडला. रिलेटिव्ह पाथ बनवणाऱ्या फंक्शनवरच कॉमेंट आहे की ते जीएनयू ईटॅग्जमधून घेतलेलं आहे. काम दोन टप्प्यांत होतं. आधी दिलेल्या नावाचा पूर्ण पाथ बनवायचा: चालू फोल्डर नावाच्या आधी जोडायचं, आणि मग डावीकडून उजवीकडे जात जिथे ‘/काहीतरी/..’ दिसेल तिथे ती जोडी खोडायची, जिथे ‘/.’ दिसेल तिथे तो ठिपका खोडायचा. दुसऱ्या टप्प्यात हा पूर्ण पाथ आणि टॅग्ज फाइलचं फोल्डर हे दोन पाथ अक्षर-अक्षर जुळवत न्यायचे, जिथे फरक पडेल तिथून मागच्या तिरक्या रेघेपर्यंत यायचं, तिथून टॅग्जच्या बाजूला जितकी फोल्डरं उरतील तितके ‘../’ लिहायचे आणि फाइलच्या बाजूचं उरलेलं शेपूट जोडायचं. दुसरा टप्पा अगदी देखणा आहे, थोड्याच ओळींचा. घोळ पहिल्यात आहे.

‘व्हेंडर/ड्रायव्हर/..’ मधली ‘ड्रायव्हर/..’ ही जोडी खोडली की ‘व्हेंडर’ उरतं. ‘ड्रायव्हर’ हे खरं फोल्डर असेल तर हे बरोबर. ती सिमलिंक असेल तर चूक. आणि खोडणारा कोड फाइल सिस्टमला एकदाही विचारत नाही.

खेड्यातला भाचा शाळेसाठी तालुक्याला मामाकडे राहतो असं समजा. मास्तर म्हणतात, “याच्या वडिलांना बोलावून आणा.” नुसता पत्ता पाहणारा मामाला घेऊन येईल, कारण पोरगं मामाच्या घरात आहे. पोराला विचारणारा गावाकडे निरोप धाडेल. ‘..’ म्हणजे ‘वडील’. ज्या घरात नाव लागलंय त्या घरचा कर्ता नव्हे. कर्नल पोराला विचारतो. सीटॅग्ज पत्ता पाहतं.

आम्हाला हे कळायला उशीर का लागला, त्याचा मोठा दोष शेलचा. मी स्वतः टर्मिनलमध्ये व्हेंडर/ड्रायव्हरमध्ये सीडी केलं, मग ‘सीडी ..’, मग इन्क्लूडमधली फ्रेम.एच उघडली. २५६. म्हटलं, बघा, ‘..’ने इथेच येतं, म्हणजे सीटॅग्ज बरोबर आणि ग्रेप मारणारी चूक! मग मुळाशी येऊन एका दमात व्हेंडर/ड्रायव्हर/../इन्क्लूड/फ्रेम.एच उघडली. ५१२. तीच वाट, टप्प्याटप्प्याने गेलो तर एका घरी, एकदम गेलो तर दुसऱ्या घरी. कारण शेलची सीडी ही आपण कुठून आलो ते नाव लक्षात ठेवते आणि ‘..’ला त्या नावातला शेवटचा तुकडा काढून टाकते. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात सीडीची हीच मूळ वागणूक आहे. खरी वाट हवी असेल तर तिला मोठ्या ‘पी’चा पर्याय द्यावा लागतो. एलएस, कॅट, व्हिम, कंपायलर यांना शेलची ही आठवण ठाऊक नसते. ते पाथ कर्नलला देतात आणि कर्नल सिमलिंक ओलांडून पलीकडच्याच्या वर जातो. त्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘एलएस ..’ मारलं की दिसतं: प्रॉम्प्ट सांगतो आपण व्हेंडर/ड्रायव्हरमध्ये आहोत, आणि यादी येते सामायिक फोल्डरची.

या भांडणाचा इतिहासही मजेशीर आहे. युनिक्समध्ये सिमलिंक आली ती ४.२बीएसडीमध्ये, १९८३ ला, म्हणजे मूळ सीटॅग्ज तिच्याहून वडील. युनिक्सनंतर बेल लॅब्जमध्ये झालेल्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टमवाल्यांनी सिमलिंकच ठेवली नाही आणि ‘..’ नावावरूनच ठरवायचं असं कर्नलमध्येच पक्कं केलं. त्यांच्यातल्या रॉब पाइक यांनी २००० मध्ये त्यावर निबंध वाचला. तिथे सगळेच नावावर चालतात, म्हणून भांडण नाही. आपल्याकडे लिनक्सवर काहीजण नावावर चालतात आणि काहीजण वाटेवर, आणि कोण कशावर चालतो हे बाहेरून कळत नाही.

आवाज का झाला नाही

मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. फंक्शनवर उडी मारली की निदान एरर येत होती; मॅक्रोवर का आली नाही?

टॅग्जच्या ओळीतली तिसरी गोष्ट, जागेची खूण, फंक्शनसाठी पॅटर्न असते: ती ओळ जशीच्या तशी शोधायची. जुन्या फाइलमध्ये फंक्शनची ओळ वेगळी असली की पॅटर्न सापडत नाही, व्हिम कुरकुर करतो. पण सीच्या मॅक्रोसाठी सीटॅग्ज पॅटर्न लिहीत नाही, थेट ओळ क्रमांक लिहितं. मूळ सीटॅग्जची ती पद्धत, पुढच्यांनी ती मूळ सेटिंग म्हणून तशीच चालवली. फ्रेम_मॅक्सच्या नोंदीत फक्त ‘४१’ होतं. व्हिमने पाथ उघडला, ४१ व्या ओळीवर गेला. तिथे फ्रेम_मॅक्सच होता, कारण दोन आवृत्त्यांत फक्त आकडा बदलला होता. फंक्शनसारखी अख्खी ओळ खुणेला घेतली असती तर ‘५१२’ सापडला नसता आणि त्याच क्षणी बिंग फुटलं असतं.

मी टॅग्जमधले सगळे पाथ काढून तपासले. यादीतल्या प्रत्येक फाइलचा डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक एका बाजूला, टॅग्जमध्ये लिहिलेल्या प्रत्येक पाथचा दुसऱ्या बाजूला. आयनोड ही फाइलची खरी ओळख, नाव काहीही असो. अकरा पाथ जुळले नाहीत. त्यांतल्या आठ फाइली अस्तित्वातच नव्हत्या, ती ई४२९ची मंडळी. तीन जुन्या इन्क्लूडमध्ये सापडल्या. फ्रेम.एच त्या तिघांतली एक.

दुरुस्ती, आणि न जमलेल्या दुरुस्त्या

पहिला विचार आला तो टॅग-रिलेटिव्हच नको. पण मग टॅग्ज परत मुळाशी आणावी लागली असती आणि परत कुणीतरी ती कमिट केली असती. युनिव्हर्सल सीटॅग्जमध्ये याच पर्यायाला ‘नेव्हर’ अशी किंमत देता येते, म्हणजे सगळे पाथ पूर्ण लिहायचे. करून पाहिलं. पाथ पूर्ण आले, पण त्याच खोडाखोडीतून गेलेले. चूक आधी अर्धी लिहिली जायची, आता मुळापासून लिहिली गेली, एवढाच फरक.

मग आमच्या रॅपर स्क्रिप्टमध्ये सीटॅग्जला यादी देण्याआधीच प्रत्येक नाव रिअलपाथमधून काढलं. रिअलपाथ सिमलिंका ओलांडून खरी वाट शोधतो. त्याला दोन्ही तऱ्हा येतात, आणि काही सांगितलं नाही तर तो कर्नलसारखाच वागतो. प्रोजेक्टच्या आत पडणारे पाथ मुळापासून रिलेटिव्ह करून दिले, आता त्यांत ‘..’च नसतो. बाहेर पडणारे, म्हणजे सामायिक फोल्डरमधले, पूर्ण पाथने दिले. ‘यस’ असताना सीटॅग्ज पूर्ण पाथला हात लावत नाही, जसा आला तसा लिहितं. याची किंमत आहे: टॅग्ज फाइल कंटेनरमध्ये नेली तर बाहेरचे पाथ लागणार नाहीत. आमच्याकडे ती कुणी नेत नाही. तुमच्याकडे नेत असतील तर हा उपाय तुमच्या कामाचा नाही.

एक फायदा आपसूक मिळाला. एकच हेडर पूर्वी यादीत दोन-तीन वेगवेगळ्या पाथने यायचं आणि व्हिम “तीनपैकी कुठला टॅग?” असं विचारायचा. ते थांबलं.

आणि आयनोडची तपासणी स्क्रिप्टच्या शेवटी कायमची लावली. टॅग्जमधला एकही पाथ यादीबाहेरच्या फाइलकडे गेला तर जुनी टॅग्ज तशीच ठेवायची आणि ओरडायचं. पहिल्या दिवशी ती एकदा ओरडलीही, कारण माझ्याच स्क्रिप्टमध्ये स्पेस असलेलं एक फोल्डर तुटत होतं.

हा बग आहे का?

टीममध्ये यावर चहाच्या वेळी बरंच झालं. एकाचं म्हणणं, मेकफाइलमध्ये सिमलिंकच्या पुढे ‘..’ लिहिणारा दोषी, टूल बिचारं नियमाने चाललं. मला हे पटत नाही. मेकफाइल लिहिली तेव्हा ती सिमलिंक नव्हती, आणि कंपायलरला त्यात काही अडचण आली नाही. दुसरी म्हणाली की असा नावावरचा हिशोब जगभर चालतो. गो या भाषेच्या लायब्ररीतलं पाथ साफ करणारं फंक्शन, क्लीन, नावावरच चालतं. पायथनच्या नॉर्मपाथचंही तेच, आणि त्याच्या दस्तऐवजात लिहूनच ठेवलंय की सिमलिंक असेल तर पाथचा अर्थ बदलू शकतो. हे खरं. पण त्याच पायथनमधलं पाथलिब नेमक्या याच कारणाने ‘..’ खोडत नाही. आणि व्हिम टॅगचा पाथ सोपा करताना ‘फोल्डर/..’ ही जोडी काढायच्या आधी ते फोल्डर खरं आहे ना, वाट बदलणार नाही ना, हे फाइल सिस्टमला विचारून घेतो. म्हणूनच टॅग्ज मुळाशी होती तेव्हा ‘..’सकटचा पाथही व्हिमने बरोबर उघडला होता. म्हणजे वाचणारा सावध होता, लिहिणारा नव्हता.

खोडण्याआधी त्या एका तुकड्यावर एक एलस्टॅट मारायचा, म्हणजे ते काय आहे हे फाइल सिस्टमला विचारायचं, सिमलिंक निघाली तर ‘..’ तसाच राहू द्यायचा, एवढंच लागतं. पाथ दिसायला ओबडधोबड होईल. चालेल. सूचीचं काम फाइल दाखवायचं आहे. जे टूल एक फाइल वाचून दुसरीचं नाव लिहितं, त्यात बग आहे असंच मी म्हणेन, मग तो नियमाने आलेला असो की हलगर्जीपणाने.

पायथनच्या टूलमध्ये २५६ चा ५१२ झाला. मोठ्या फ्रेमच्या टेस्ट पहिल्यांदा चालल्या आणि सुदैवाने पास झाल्या. राहिलं होतं ते जुनं व्हेंडर/इन्क्लूड फोल्डर. “काढू ना?” असं विचारलं, कुणी नको म्हणालं नाही, काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचं बिल्ड लाल. फर्मवेअर ठीक, टेस्ट ठीक. पडलं होतं ते कागदपत्रांचं काम. ग्राहकाला जाणाऱ्या प्रोटोकॉलच्या पीडीएफमधला तक्ता एक पायथन स्क्रिप्ट हेडरांतून उचलते. तिला पाथ मेकफाइलमधूनच मिळतो, व्हेंडर/ड्रायव्हर/../इन्क्लूड, आणि पहिल्याच ओळीत ती त्यावर नॉर्मपाथ चालवते. ज्या फोल्डरमधून ती हेडरं वाचत होती ते मी आदल्या संध्याकाळी काढलं होतं. मागच्या पीडीएफ काढून पाहिल्या. ड्रायव्हर बदलल्यानंतर गेलेल्या प्रत्येक आवृत्तीत, पान १४ वर, फ्रेमची कमाल लांबी: २५६ बाइट.

ग्राहकाला शुद्धिपत्रक पाठवायचं काम रिव्ह्यूमध्ये “हे कुठून आणलंस?” विचारणारीने अंगावर घेतलं. स्क्रिप्टमधली नॉर्मपाथची ओळ मी बदलली.